पक्षी जामीनदार नव्हे

माणसाला नोकरी लागली की त्याला मुली सांगून येतात आणि माणसानं कॅमेरा घेतला की त्याला लेन्सा सांगून येतात. मध्यस्थांचा उत्साह दोन्हीकडे सारखाच. फरक एवढाच, की मुलीच्या बाबतीत निदान पत्रिका बघायची चाल आहे. लेन्सच्या बाबतीत तेवढीही सवड कुणी देत नाही. "घेऊन टाक रे, नाहीतर जन्मभर पस्तावशील," एवढं बोलून सल्लागार चहा संपवतो आणि उठतो. चहाचे पैसेही आपणच देतो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात असे सल्लागार मुबलक आहेत. गुलमंडीवर एका खांद्याला कॅमेरा अडकवून उभे राहा. दहा मिनिटांत तीन माणसं तुमची चौकशी करतील आणि त्यांतली दोन तुमची लेन्स चुकली आहे असं सांगतील. तिसरा तुम्ही लग्नाचे फोटो काढता का, असं विचारेल.

या सल्लागारांचे दोन पंथ आहेत. पहिला 'सहाशे पंथ'. याच्या मते सहाशे मिलीमीटरच्या खालच्या लेन्सनं पक्ष्याचा फोटो काढणं म्हणजे पक्ष्याचा, कॅमेऱ्याचा आणि स्वतःच्या खानदानाचा अपमान. दुसरा 'पुढं सरक पंथ'. हा म्हणतो, "एवढे पैसे कशाला घालवता? साधी दोनशेची लेन्स लावा आणि चार पावलं पुढं व्हा. पाय काय, फुकटच आहेत!"

ऐकायला दुसरा पंथ फार शहाणा वाटतो. काटकसरीचं बोलतो, आपल्यातला वाटतो. पहिला पंथ आपला खिसा कापायला निघालेला, तर हा खिशाला शिवण घालणारा. आणि म्हणूनच मला हा लेख त्या दुसऱ्या पंथाविरुद्ध लिहायचा आहे. पहिल्याशी माझं भांडण फक्त पैशाचं आहे. दुसऱ्याशी तत्त्वाचं आहे. कारण ती चार पावलं फुकट नसतात. त्यांचं बिल पक्ष्याच्या नावावर फाटतं.

मी कॉमर्सचा माणूस. बँकेत बसतो. कर्ज कुणी घेतलं, फेडलं कुणी आणि शेवटी निस्तरलं कुणी, या तीन प्रश्नांवर आमचं पोट चालतं. कर्जदार पळाला की आम्ही जामीनदाराच्या दारात जातो. पण जामीनदाराची निदान सही असते. नाथसागरावरच्या रोहित पक्ष्यानं कुणाच्या लेन्सला जामीन राहिल्याची सही मी अजून पाहिलेली नाही.

आता आधी हिशेब करू. भावना नंतर.

पक्ष्याचं चित्र कॅमेऱ्याच्या आत किती मोठं पडणार, याला एक साधं त्रैराशिक आहे. पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सची फोकल लेंथ, भागिले अंतर. बस्स. आपला नेहमीचा खंड्या घ्या. चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर. तो वीस मीटरवर बसलाय आणि तुमच्याकडे चारशेची लेन्स आहे. चित्र पडेल ५.६ मिलीमीटरचं. दोनशेची लेन्स असेल तर २.८ मिलीमीटरचं. सर्वसाधारण हौशी कॅमेऱ्याच्या सेन्सरची उंची पंधरा मिलीमीटरच्या आसपास असते. म्हणजे दोनशेच्या लेन्सनं खंड्या चौकटीचा पाचवा हिस्सासुद्धा व्यापत नाही. पुढं सरक पंथ इथंच विजयी मुद्रेनं म्हणतो, "मग दहा मीटरवर जा!" गणित बरोबर आहे. फक्त ते खंड्याला शिकवलेलं नाही. तो बाराव्या मीटरला उडतो.

रोहिताचंही करून बघू. उंची सव्वा-दीड मीटर, आपण १.३ धरू. अंतर शंभर मीटर, लेन्स तीनशेची. चित्र ३.९ मिलीमीटर, म्हणजे चौकटीच्या उंचीचा पाव हिस्सा. तेच चित्र महागड्या 'फुल फ्रेम' कॅमेऱ्यात पाडलं, तर तिथं सेन्सरची उंची चोवीस मिलीमीटर. रोहित सहाव्या हिश्शावर आला. थोडक्यात, पक्ष्यांसाठी गरिबाचा छोटा सेन्सर श्रीमंताच्या मोठ्या सेन्सरपेक्षा रुपयामागं जास्त काम देतो. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. सांगेल कशाला? त्याचंही घर चालायचं आहे.

आता लांब लेन्स एवढी महाग का, तेही समजून घ्या, म्हणजे उगाच दुकानदाराला शिव्या बसणार नाहीत. फोकल लेंथला एफ नंबरनं भागलं की लेन्समधून उजेड आत येण्याच्या वाटेची रुंदी निघते. सहाशे भागिले चार म्हणजे दीडशे मिलीमीटर. पंधरा सेंटिमीटर! म्हणजे चहाच्या बशीएवढी काच, तीही एक नव्हे, आत मागं-पुढं आणखी पुष्कळ, आणि एकीलाही ओरखडा चालत नाही. अशा लेन्सची किंमत दहा लाखांच्या पुढं जाते. दहा लाखांत आमच्याकडं लोक चारचाकी घेतात आणि त्या चारचाकीतून पैठणला जाऊन रोहित डोळ्यांनी बघून येतात. मधली वाट म्हणजे दीडशे-सहाशेच्या झूम लेन्सा. सिग्मा आणि टॅमरॉन यांनी २०१३-१४ च्या सुमारास त्या आणल्या आणि हौशी माणसाला सहाशेचं तोंड दिसलं. सहाशेवर त्यांचा एफ नंबर ६.३, म्हणजे बशीऐवजी वाटी आणि उजेड अडीच पटीनं कमी. वजन दोन किलोच्या आसपास. सकाळी सहाला ती उचलताना माणूस छायाचित्रकार असतो. नऊला खाली ठेवताना हमाल असतो.

आता ऐपतीचं बोलू. समजा, लेन्स एक लाख वीस हजारांना पडली आणि तुम्ही बारा टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज काढलं. हप्ता बसतो ३,९८६ रुपये. छत्तीस हप्त्यांची बेरीज १,४३,४९६. आता रविवार मोजा. त्यातून पाहुणे, लग्नं, बारशी, पोरांच्या परीक्षा आणि 'आज जरा माळा आवरू' हे रविवार वजा करा. तीन वर्षांत तीस फेऱ्या झाल्या तर डोक्यावरून पाणी. म्हणजे एका फेरीला पावणेपाच हजारांच्या वर फक्त लेन्सचं भाडं. पेट्रोल आणि वाटेतला वडापाव वेगळा. हा कागद मी आमच्या हिच्यापुढं ठेवला होता. ती शांतपणे म्हणाली, "एवढे हप्ते भरून बगळाच दाखवणार असाल, तर तो आपल्या गच्चीवरून दिसतो."

तेव्हा सहाशे पंथाचा निकाल हिनंच लावून टाकला. ज्याला परवडतं त्यानं अवश्य घ्यावी. लांबून काढतो, पक्ष्याला त्रास देत नाही, माझी काही तक्रार नाही. ज्याला परवडत नाही त्याच्यापुढं मात्र खरा प्रश्न उभा राहतो. आणि इथंच तो दुसरा पंथ कानाशी येऊन कुजबुजतो, "पुढं सरक."

आता पुढं सरकायचं म्हणजे कुठं, ते पाहा. आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. तिथं गोदावरीवर जायकवाडीचं धरण. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते कोनशिला बसली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं आणि त्यामागं पसरला तो नाथसागर. बांधला शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी, पण पाणी उथळ आणि पसरट असल्यामुळं पक्ष्यांनी त्याचा परस्पर ताबा घेतला. सरकारनंही दिलदारपणे १९८६ साली त्याला पक्षी अभयारण्य म्हणून मान्यता दिली. हिवाळ्यात पाणी ओसरू लागलं की काठावर गाळ उघडा पडतो. वरच्या गाळात शेतकरी गाळपेर करतात आणि खालच्या ओल्या गाळात पक्षी जेवायला बसतात. पाणी जसं मागं हटतं तशी ही पंगत मागं हटते. म्हणजे छायाचित्रकार काठावर आणि पक्षी दूर, मध्ये गुडघाभर चिखल. निसर्गानं इतकी स्वच्छ मर्यादा आखून दिली आहे, की ती ओलांडायला माणूस नुसता हौशी असून चालत नाही, हट्टी असावा लागतो.

असे हट्टी मी पाहिले आहेत. एक गृहस्थ, अंगात लष्करी रंगाचं अनेक खिशांचं जाकीट, गळ्यात दोनशेची लेन्स. शंभर-दीडशे रोहित उलट्या चोची पाण्यात घालून निवांत गाळ चाळत होते. गृहस्थ निघाले. दहा पावलं, थांबले. वीस पावलं, थांबले. थव्यानं माना वर केल्या. गृहस्थांना वाटलं, फोटोसाठी केल्या. आणखी दहा पावलं. थवा एका कडेनं चालू लागला, मग धावू लागला आणि मग सगळा गुलाबी पसारा आकाशात. गृहस्थांनी खटाखट चाळीस फोटो काढले. परत आल्यावर मोठ्या अभिमानानं दाखवले. चाळीसच्या चाळीस फोटोंत रोहितांच्या पाठी होत्या. मी म्हटलं, "छान आहेत, निरोप समारंभाचे वाटतात." त्यांना तो अभिप्राय आवडला. काही माणसांपुढं उपरोध म्हणजे बुडीत कर्ज. वसूल होत नाही.

आता या उडण्यात नुकसान काय झालं, असं विचारणारे भेटतात. पक्षी आहे, उडणारच! पण जरा आपल्यावरून विचार करा. रोहित पाणी गाळून त्यातले बारीक जीव खातो. चमचा-दीड चमचा अन्नासाठी तासन् तास मान खाली. त्याला हवेत उडवणं म्हणजे पंगतीत दुसरा भात वाढत असताना माणसाला पानावरून उठवून एक किलोमीटर पळायला लावणं. आणि मग म्हणणं, पाय आहेत, पळणारच! याच नाथसागरावर पट्टकादंब येतात. हे हंसाच्या जातीचे पक्षी हिमालय ओलांडून आपल्याकडं उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तोच हिमालय ओलांडून परत जातात. परतीची शिदोरी त्यांना इथंच अंगावर साठवायची असते. हिमालयानं त्यांना अडवलं नाही, तिबेटच्या थंडीनं अडवलं नाही, आणि पैठणजवळ एका जाकीटवाल्यानं जेवणावरून उठवलं, हे काही आपल्या जिल्ह्याला शोभत नाही. एकदा उठवलं तर चालून जाईल. पण रविवारी असे बाराजण येतात आणि प्रत्येकजण म्हणतो, "मी एकदाच तर पुढं गेलो." आमच्याकडं थकलेल्या खात्यांची यादी अशीच तयार होते. प्रत्येकाचा एकच हप्ता राहिलेला असतो.

नाथसागरावर निदान चिखल आडवा येतो. घरट्यांपाशी तोही येत नाही. घरट्यातली पिल्लं पळून जात नाहीत, आई-बाप चारा घेऊन पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येतात, त्यामुळं कमी पल्ल्याच्या लेन्सवाल्याला घरटं म्हणजे पर्वणी. मग एक फांदी मध्ये येते म्हणून मोडायची, पानं आड येतात म्हणून बाजूला बांधायची. फोटो स्वच्छ येतो. आपल्याला जसा स्वच्छ दिसतो तसाच घारीला आणि कावळ्यालाही स्वच्छ दिसतो. दुपारचं ऊन पिल्लांवर पडतं ते वेगळंच. हा नुसता सभ्यतेचा मामला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून बघा. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या दिली आहे आणि वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं हेही त्या व्याख्येत बसवलं आहे. म्हणजे फांदी मोडून घरट्याचा फोटो काढणारा माणूस स्वतःला छायाचित्रकार म्हणवत असला, तरी कायद्याच्या वहीत त्याचं खातं शिकाऱ्याच्या पानावर उघडतं. देशातल्या काही छायाचित्र स्पर्धांनी तर घरट्यावरची चित्रं स्वीकारणंच बंद केलं आहे.

तिसरा फुकटचा उपाय म्हणजे मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावायचा. नर बिचारा आपल्या हद्दीत परका आला म्हणून धावत येतो, भांडायला कुणी सापडत नाही, पुन्हा जातो, पुन्हा आवाज येतो. रात्री दोनला कुणी तुमच्या दाराची बेल वाजवून लपून बसला आणि तुम्ही दार उघडल्यावर तुमचा फोटो काढला, तर त्याला तुम्ही कलावंत म्हणाल का?

गंमत अशी, की पक्ष्यांच्या बाबतीत बंदुकीकडून दुर्बिणीकडं येण्याचा मोठा प्रवास आपल्याच देशात एका माणसानं करून दाखवला. सलीम अलींनी लहानपणी छऱ्र्याच्या बंदुकीनं पिवळ्या कंठाची चिमणी पाडली आणि ती कुठली, हे विचारायला १९०८ साली ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. त्या एका चिमणीपायी पुढं सबंध आयुष्य पक्ष्यांना वाहिलं. आमच्या दिल्ली दरवाजाजवळच्या तळ्याला त्यांचं नाव आहे. त्या सलीम अली सरोवराच्या काठी उभं राहून कुणी "आज मी खंड्या शूट केला" म्हणतो, तेव्हा वाटतं, बंदूक गेली, पण शब्द तेवढा मागं राहिला. काहींच्या बाबतीत वृत्तीही.

यावर पुढं सरक पंथाचं एक उत्तर तयार असतं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, "गाळपेरीतला शेतकरी रोज तिथून जातो, म्हशी पाण्यात डुंबतात, कोळी जाळी टाकतात. त्यांना पक्षी घाबरत नाहीत आणि आमच्याच चार पावलांचं तुम्हाला वावडं?" प्रश्न रास्त आहे. पण म्हैस पक्ष्यांकडं बघत नाही. ती आपल्या वाटेनं, आपल्या चालीनं, आपल्याच विचारात जाते. शेतकरी वाफ्याकडं बघत असतो. छायाचित्रकार मात्र थेट पक्ष्यावर नजर रोखून, कमरेत वाकून, थांबत थांबत येतो. नेमकं असंच मांजर येतं, कोल्हा येतो. लाखो वर्षांत पक्षी जी एक गोष्ट शिकला आहे तीच आपण त्याला करून दाखवतो आणि मग तो उडाला म्हणून हळहळतो. ज्याला जवळ जायचंच आहे त्यानं म्हशीकडून शिकावं. पहाटे पक्षी यायच्या आधी जाऊन एका जागी बसावं आणि हलू नये. पक्षी आपल्या पायानं जवळ आला तर तो त्याचा मोठेपणा. न आला तर आपण निदान सूर्योदय पाहिला. बँकेतल्या माणसाला तोही एरवी दिसत नाही.

"पण मग फोटोत पक्षी बारका दिसतो त्याचं काय?" दिसू द्या! फोटोत पक्ष्याच्या डोळ्यातली बाहुली दिसलीच पाहिजे, असा काही रिझर्व्ह बँकेचा आदेश नाही. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात पाव उंचीचा रोहित म्हणजे हजार पिक्सेलचा रोहित. कागदावर छापला तर पक्षी साडेआठ सेंटिमीटरचा स्वच्छ येतो. भोवती पाणी, गाळ, मागं गाळपेरीचा हिरवा पट्टा. तो फोटो बघून हा पक्षी नाथसागरावरचा आहे हे कळतं. पक्ष्यानं काठोकाठ भरलेला फोटो कुठलाही असू शकतो, प्राणिसंग्रहालयातलासुद्धा.

मद्रासचे एम. कृष्णन हे गेल्या शतकातले मोठे वन्यजीव छायाचित्रकार. जन्म १९१२, मृत्यू १९९६. १९७० साली पद्मश्री. यांनी वेगवेगळ्या मेकचे सुटे भाग जोडून स्वतःचा कॅमेरा जुळवला होता आणि त्या बोजड धुडाला 'सुपर पाँडेरोसा' असं भारदस्त नाव दिलं होतं. फोटो कृष्णधवल. पण आधी प्राणी समजून घ्यायचा आणि मग कळ दाबायची, ही त्यांची शिस्त. आज आपल्या साध्यात साध्या कॅमेऱ्यात जे आहे ते त्यांच्या त्या पाँडेरोसात नव्हतं. कमी आहे ते आपल्यात आहे.

तेव्हा ज्याची ऐपत बेताची त्यानं काय घ्यावं, हे आता सरळ सांगतो. सत्तर-तीनशेची झूम घ्यावी, तीही वापरलेली. खरेदीला जाताना खिशात बॅटरी न्यावी. लेन्सच्या एका तोंडातून बॅटरीचा झोत टाकून दुसऱ्या तोंडातून बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. विकणाऱ्याला नमस्कार करून निघावं. आमची हवा कोरडी म्हणून इथं बुरशीपेक्षा धुळीची भीती जास्त, पण विकायला आलेली लेन्स कुठल्या गावचं पाणी पिऊन आली आहे हे कपाळावर लिहिलेलं नसतं. कुणी 'डबलर' लावून तीनशेची सहाशे करून देतो म्हणाला तर हात जोडावेत. दुप्पट करणारा कन्व्हर्टर उजेड चौपट कमी करतो, ५.६ ची लेन्स ११ ची होते आणि पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस आठच्या पुढं संप पुकारतो. पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या योजनांची आम्हा बँकवाल्यांना ओळख आहे. लेन्सच्या धंद्यातही त्या आहेत, एवढंच.

आणि मग त्यानं लांबचं बघणं जरा कमी करून जवळचं बघावं. माझा खरा मुद्दा हाच. ज्याच्याकडं पैसा कमी आहे त्याच्यासाठी देवानं किडे निर्माण केले आहेत!

परत त्रैराशिक मांडू. मॅक्रोत 'एकास एक' म्हणजे वस्तू जेवढी, चित्र तेवढंच. खिडकीच्या गजावर टुणकन उडी मारणारा कोळी सहा मिलीमीटरचा असतो. एकास एकला त्याचं चित्र सहा मिलीमीटरचं पडतं. आणि चारशेच्या लेन्सनं वीस मीटरवरचा खंड्या किती पडत होता? ५.६! म्हणजे घरातला फुकटचा कोळी सरोवरावरच्या खंड्यापेक्षा कॅमेऱ्यात मोठा दिसतो. शिवाय त्याला पुढचे दोन टपोरे डोळे असतात आणि तो मान वळवल्यासारखा अंग वळवून तुमच्याकडं बघतो. खंड्यानं आजवर माझ्याकडं असं कधी बघितलेलं नाही.

आणि या एकास एकला खर्च किती? पन्नासची साधी लेन्स घ्या आणि कॅमेरा व लेन्स यांच्यामध्ये पन्नास मिलीमीटर पोकळ नळी घाला. नळीची लांबी भागिले फोकल लेंथ, पन्नास भागिले पन्नास, एकास एक! हिला एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. तीन नळ्यांचा संच मिळतो, बेरीज पासष्टच्या आसपास. आत काच नाही, त्यामुळं बिघडायला काही नाही. निव्वळ हवा विकायची असल्यानं किंमतही बेताची. त्याहून स्वस्त म्हणजे रिव्हर्स रिंग. लेन्स उलटी करून लावायची. फक्त लेन्स जुन्या पद्धतीची, अंगावर छिद्र लहान-मोठं करायचं कडं असलेली घ्यावी, नाहीतर नव्या लेन्सचं छिद्र उलटं लावल्यावर कॅमेऱ्याचं ऐकत नाही. तिसरा उपाय म्हणजे त्या तीनशेच्या झूमच्या तोंडावर दोन डायॉप्टरचा क्लोजअप फिल्टर लावायचा. ०.३ मीटर गुणिले दोन, म्हणजे एकास ०.६. वर किड्यापासून अर्ध्या मीटरवर उभं राहता येतं. काही जुन्या सत्तर-तीनशे लेन्सांवर 'मॅक्रो' असं छापलेलंच असतं. त्या दोनास एकपर्यंत जातात, म्हणजे चित्र वस्तूच्या निम्मं. फुलपाखरांना तेवढं पुष्कळ.

यातही अडचणी आहेत, त्या लपवत नाही. एकास एकला एफ आठ ठेवलं तर एक मिलीमीटरसुद्धा जाडी फोकसमध्ये राहत नाही. कोळ्याचा डोळा आला तर पाय जातो. उजेडही एवढा कमी होतो, की एफ आठ खरं पाहता एफ सोळा होतं. तेव्हा फ्लॅश लागतो आणि त्यापुढं बटर पेपरची चौकट, म्हणजे उजेड अंगावर न येता पसरतो. वारा असेल तर घरी बसावं.

आणि हो, पुढं सरक पंथ इथंही आहे. किडा हलतो म्हणून त्याला डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवणारे, मग तो गारठून बसला की पानावर मांडून फोटो काढणारे महाभाग आहेत. त्या फोटोंत सगळं रेखीव असतं, फक्त किडा लाकडी दिसतो. पक्षी जामीनदार नसेल तर कोळीही नाही. आकारावरून कुणाची सही गृहीत धरता येत नाही.

एवढी यातायात न करताही काम होतं, कारण इथं सावज पळत नाही. कुंडीतला कढीपत्ता बघा. त्यावर दोन-तीन मिलीमीटरची एक घाण दिसेल, पक्ष्यानं शिटल्यासारखी. ती घाण नव्हे, फुलपाखराची अळी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिनं हे सोंग घेतलेलं असतं. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर दोन शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढून घाण वास सोडते. पुढं कोश, पुढं फुलपाखरू. सगळी मिळून महिन्याभराची गोष्ट, आणि ती बघायला ना अभयारण्याचं फाटक, ना चिखल, ना जाकीट. लुंगीवर होते. ज्याला लांब लेन्स परवडत नाही त्यानं आपलं अभयारण्य आधी इथं काढावं आणि नाथसागरावर जाताना तीनशेची लेन्स, एक पाट आणि थोडा धीर घेऊन जावं.

घरचा विरोध होतो, नाही असं नाही. आमच्याकडं सध्या अळ्यांनी निम्मं झाड खाल्लं आहे आणि आमटीला कढीपत्ता बाजारातून येतो. त्याचे दहा रुपये ही दर वेळी माझ्या नावावर लिहून ठेवते. मी मुकाट्यानं भरतो. खर्च माझ्या हौसेचा आहे. माझ्याच खात्यात पडलेला बरा.